पोलिसांची पेन्शन : उपकार नव्हे, हक्काची मजुरी

(संस्थेच्या कुरकुंभ येथील वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांला बोलावले आणि "तुम्ही बँकेत आहात, मुलांना उपयोगी पडेल असे काही सांगा" अशी सूचना केली. आम्ही विद्वान नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलो आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या बाजूचे जग बघत आलो. पगाराचा दिवस, पीककर्जाचा दिवस, पेन्शनचा दिवस, यांतूनच आमचे शिक्षण झाले. म्हणून आज पेन्शन हाच विषय घेतला आहे, आणि त्यातही पोलिसांची पेन्शन.

हाच विषय का, असे कोणी विचारील. आपल्या गावाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखान्यांतून आपली पुष्कळ मुले ठेकेदाराच्या हजेरीवर जातात. दुसऱ्या अंगाला दौंड आहे. तिथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक पाच आणि सात आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे या तालुक्यात पहाटे रस्त्याने जावे, तर कुठे ना कुठे धावणारी पोरे आणि पोरी दिसतातच. अशाच एका मुलाने मागे काउंटरवर भरतीचे चलन भरताना आम्हांला विचारले, "साहेब, पोलिसात लागलो तर पेन्शन असते ना?" आम्ही "असते" म्हणून शिक्का मारला. घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. कारण खरे उत्तर इतके सोपे नव्हते. त्या मुलाला जे सांगायचे राहिले, ते आज सांगतो.

मित्रहो, आपल्या समाजाचा आणि या प्रश्नाचा संबंध फार जुना आहे. लष्करात महारांची भरती बंद झाली, त्यानंतर १९०३ साली शिवराम जानबा कांबळे यांनी इथून जवळच, सासवडला, ५१ गावांतील महार मंडळींची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज करण्याचे काम हाती घेतले. मागणी काय होती? लष्करात घ्या, पोलिसात घ्या, सरकारी नोकरीच्या खालच्या जागा तरी आम्हांला मोकळ्या करा. विचार करा, पोलीस शिपायाची नोकरी हीसुद्धा त्या काळी अर्ज करून मागण्याची गोष्ट होती.

आणि ज्यांना पोलिसात घेत नव्हते, तेच लोक गावोगाव पोलिसाच्या हाताखालचे काम करीत होते. चोराचा माग काढणे, वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवणे, रात्रीची गस्त, मढ्यावर पहारा, साहेब आला की घोड्यापुढे पळणे ही सारी महारकीची कामे. त्याला पगार नव्हता; थोडी वतनी जमीन आणि दारोदारचे बलुते. म्हातारपणी हातपाय थकले की पोराने ती काठी हातात घ्यायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते याच वेठीविरुद्ध. कामाला ठरलेला पगार हवा, हे त्याचे मर्म होते. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले ते पेन्शन घेऊन. रक्कम मोठी नव्हती आणि घर मोठे होते. तरी दर महिन्याला येणारा तो पैसा कोणाच्या मेहरबानीवर अवलंबून नव्हता. दापोली, सातारा, मुंबई असा तो संसार फिरला, पण मुलाची शाळा सुटली नाही. त्या मुलाने पुढे काय केले ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. आम्हांला इतकेच म्हणायचे आहे, की पेन्शन ही म्हाताऱ्याच्या चहा-तंबाखूची सोय नसते. ती नातवंडांच्या वह्या-पुस्तकांची सोय असते.

आता कायद्याकडे वळू. पोलिसाची नोकरी इतर सरकारी नोकरीसारखी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे. त्याचे कलम २८ म्हणते, की पोलीस हा सदैव कामावर आहे असेच मानले जाईल आणि राज्यात कुठेही त्याला कामाला पाठवता येईल. कलम २९ म्हणते, की कनिष्ठ दर्जाच्या पोलिसाला लेखी परवानगीवाचून राजीनामा देऊन निघून जाता येणार नाही. त्यासाठी दोन महिने आधी सूचना द्यावी लागते. म्हणजे चोवीस तास बांधलेला, आणि सोडायचे म्हटले तरी मोकळा नाही.

त्यात आणखी एक बंधन. पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम १९६६ प्रमाणे पोलिसाला परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. तलाठी संप करतो, शिक्षक संप करतो, आम्ही बँकवालेसुद्धा करतो. पोलिसाला ते दार बंद आहे. १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी ते दार ढकलून पाहिले. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली, बंदोबस्ताला लष्कर आणि निमलष्करी दले बोलावली. त्यानंतर राज्यात पोलिसांची संघटना पुन्हा उभी राहिली नाही.

योगायोग बघा. त्याच १९८२ साली महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम आले. आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि त्या पाच न्यायमूर्तींच्या पीठावर होते. निकालाचा आशय असा, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नाही. नोकराने उमेदीच्या काळात केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. म्हणूनच पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. एकाच वर्षी पोलिसाचे तोंड बंद झाले आणि त्याचा हक्क मात्र शब्दांत लिहिला गेला. ज्याला मागता येत नाही, त्याच्यासाठी लिहून ठेवलेला नियमच बोलतो. म्हणून तो नियम सैल होऊ लागला, की पहिले नुकसान न बोलणाऱ्याचे होते.

जुनी पेन्शन म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. किमान दहा वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की पेन्शनचा हक्क येतो. पूर्ण पेन्शनसाठी पूर्वी तेहतीस वर्षे लागत. सहाव्या वेतन आयोगानंतर वीस वर्षे पुरेशी झाली. पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे. समजा एक हवालदार अठ्ठावन्नाव्या वर्षी साठ हजार रुपये मूळ पगारावर निवृत्त झाला. त्याला तीस हजार पेन्शन, आणि त्यावर महागाईवाढ. शिवाय ग्रॅच्युइटी. हवे असेल तर पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा चालू होतो. तो वारला तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, ते आधी काही वर्षे वाढीव दराने आणि नंतर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. या सगळ्यासाठी त्याच्या पगारातून पेन्शनपोटी एक पैसाही कापला जात नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे मामा एस.आर.पी.त होते. गडचिरोलीचा बंदोबस्त, मुंबईचा दंगलीचा बंदोबस्त, पंढरीच्या वारीचा बंदोबस्त यांतच त्यांचे दिवाळी-दसरे गेले. वर्षावासाची सांगता कधी घरच्यांबरोबर झाली नाही. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मामी गमतीने म्हणायची, "आता कुठं आमची ओळख व्हायला लागलीय." ती ओळख फार वर्षे टिकली नाही. मामा अचानक गेले.

कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवे होते. पण सेवापुस्तकात मामीचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि पासबुकात तिसरेच. जन्मतारीख तर प्रत्येक कागदावर वेगळी. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद फिरले. प्रत्येक वेळी एक नवी त्रुटी निघे, आणि सगळ्या त्रुटी एकदम सांगण्याची रीत तिथे नव्हती. नऊ महिने गेले. बँकेत नोकरी करणारा भाचा घरात असून ही गत. मामी एकदा म्हणाली, "बाळा, तुझ्या मामानं सरकारला तेहतीस वर्षं दिली, आणि मी कोण हे सरकार मलाच विचारतंय." आम्हांला उत्तर सुचले नाही. मामा जिवंत असताना एका दुपारी बसून ते कागद आम्ही बघायला हवे होते. तो दोष कुठल्या कार्यालयाचा नाही, आमचा आहे. पुढे पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली. त्या पैशांवर धाकट्या मामेबहिणीचे नर्सिंग पूर्ण झाले.

आता ज्या तारखेने सगळे बदलले तिच्याकडे येऊ. १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी आणि त्यानंतर जो राज्य सरकारच्या सेवेत आला, त्याला १९८२ च्या नियमांची पेन्शन नाही. त्याच्यासाठी अंशदानाची योजना आली, आणि २०१५ पासून तो राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एन.पी.एस.मध्ये गेला. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम नोकराच्या पगारातून कापायची, सरकारने आपला वाटा घालायचा (तो आधी दहा टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून चौदा झाला) आणि ही रक्कम बाजारात गुंतवायची. निवृत्त होताना साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची. समजा पन्नास लाख जमले. त्यातले वीस लाख वार्षिकीत गेले, आणि दर शेकडा सहा धरला, तर वर्षाला एक लाख वीस हजार, महिन्याला दहा हजार. त्यावर महागाईवाढ नाही. तीस लाख हातात आले हे खरे, पण मुलीचे लग्न, घराचे छप्पर आणि दवाखाना यांतून ते किती दिवस राहतात, हे आम्ही काउंटरवर रोज बघतो. आणि मुदतीआधी नोकरी सोडली, तर हात उलटा फिरतो. तेव्हा किमान ऐंशी टक्के रक्कम वार्षिकीत अडकते.

यात आमचाही स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. सरकारी बँकांत १ एप्रिल २०१० पासून लागलेले लोकही याच पंगतीत बसले आहेत, आणि आम्ही त्यांतलेच आहोत. फरक इतकाच, की आम्हांला घोषणा देता येतात.

त्या २००५ सालच्या तारखेला ज्याचे वय अठरा भरले नव्हते, असा आजचा प्रत्येक पोलीस शिपाई नव्या योजनेतला आहे. रस्त्यावरचे तरुण चेहरे आठवा. ते सारे त्यात आले. मार्च २०२३ मध्ये, १४ ते २० तारखेपर्यंत, राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. मोर्चे निघाले. आम्ही एक मोर्चा पाहिला. पुढे फलक घेतलेले शिक्षक, आणि कडेला काठी घेऊन उभा असलेला पंचविशीतला शिपाई. ज्यांना तो रोखून धरीत होता ते त्याचेच भांडण भांडत होते. पाण्याची बाटली एका बाईंनी त्याच्यापुढे केली. त्याने ती घेतली नाही, नुसती मान हलवली. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. ते चित्र आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या रेट्याचा उपयोग मात्र पोलिसालाही झाला. क्रम ध्यानात ठेवा. आधी नव्या योजनेतला माणूस सेवेत मेला तर घरच्यांना जमलेल्या पैशांशिवाय फारसे काही नव्हते. २०१८ साली, दहा वर्षांच्या आत मृत्यू आल्यास दहा लाखांचे सानुग्रह अनुदान ठरले. २०२३ च्या मार्चअखेर अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी लागू झाली. संपाच्या वेळी निवृत्त सनदी अधिकारी सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव यांची समिती नेमली गेली. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीवरून ज्यांची निवड झाली, पण नेमणूक नंतर मिळाली, त्यांना जुन्या योजनेत येण्याचा पर्याय द्यायचा. १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत सुधारित योजना जाहीर केली. तिचा गाभा असा, की शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ, आणि मागे कुटुंबाला त्याच्या साठ टक्के. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन स्कीम आणली आणि लगेच राज्याच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारण्याचे ठरवले.

म्हणजे त्या मुलाला द्यायचे खरे उत्तर असे आहे. पेन्शन आहे, पण मामांची होती ती नव्हे. ती कोणत्या योजनेची, किती वर्षांच्या सेवेवर, कोणत्या अटींवर, हे पर्यायाचा कागद भरताना ठरते. आणि तो कागद बारकाईने वाचल्याशिवाय सही करायची नाही.

एक मुद्दा राहिला. माणूस दलात का टिकतो? नुसता कायद्याने बांधला म्हणून टिकत नाही. चार गोष्टींवर तो टिकतो : पगार, बढती, राहायला घर आणि उद्याचा भरवसा. बढतीबद्दल २०२२ साली एक चांगले पाऊल पडले. पूर्वी शिपाई म्हणून लागलेला पुष्कळदा हवालदार किंवा जमादार म्हणूनच घरी जाई. त्या वर्षीच्या निर्णयाने पोलीस नाईक हा मधला दर्जा काढला, आणि तीस वर्षे सेवा झालेल्या सहायक फौजदाराला अटी पूर्ण केल्यावर श्रेणी पोलीस उपनिरीक्षक होण्याची वाट मोकळी केली. खांद्यावर तारा घेऊन गावी परतणे याला पैशांत मोल नाही. पण ताऱ्याने दवाखान्याचे बिल भरत नाही. उद्याचा भरवसा गेला, की चांगला माणूस एकतर आत येत नाही, किंवा आत राहून वाकड्या वाटेने आपली पेन्शन जमवू लागतो. त्याची किंमत शेवटी फिर्याद घेऊन ठाण्यात जाणारा गरीब माणूसच मोजतो. अत्याचाराची फिर्याद नोंदवायला गेलेल्या आपल्या माणसापुढे कोणता पोलीस बसलेला असावा, हा आपलाही प्रश्न आहे. म्हणून पोलिसाची पेन्शन हा केवळ पोलिसाच्या घरचा विषय नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. ज्यांच्या घरात पोलीस आहे, त्यांनी या महिन्यात एक दुपार काढावी. सेवापुस्तक, आधार, पॅन, पासबुक यांवर नवरा-बायको-मुलांची नावे आणि जन्मतारखा एकसारख्या आहेत का, ते ताडून पाहावे. सेवापुस्तक वर्षातून एकदा बघायला मागणे हा नोकराचा हक्क आहे.

दुसरी. वारसनोंद लग्नानंतर बदलली का? पुष्कळांची वारसनोंद भरतीच्या दिवशीची, आईच्या नावाची असते. मग बायको-पोरांना आणि म्हाताऱ्या आईला एकमेकांसमोर उभे राहावे लागते.

तिसरी. पेन्शनचे खाते पत्नीसह संयुक्त ठेवा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्या, नाहीतर पेन्शन थांबते. विकलेल्या पेन्शनची पंधरा वर्षे कधी भरतात ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या एका वृद्ध जमादारांची ही कपात मुदत संपूनही अकरा महिने चालूच राहिली होती. त्यांना वाटले, सरकार कापते म्हणजे बरोबरच असणार.

चौथी. नव्या योजनेतल्या तरुणांनी आपला प्रान क्रमांक पाठ करावा, दरमहा सरकारचा वाटा जमा होतो का ते बघावे. पगाराच्या खात्याबरोबर अपघात विमा असेल, तर त्याची माहिती घरच्यांना आजच द्यावी. ज्याची घरात कोणाला माहितीच नाही, तो विमा मागायला कोणी येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, पहाटे जरूर धावा. सोळाशे मीटर वेळेत काढा. पण संध्याकाळी अर्धा तास हे नियमही वाचा. आपल्या आजोबा-पणजोबांनी पोलिसात घ्या म्हणून अर्ज केले. ते दार आता आपल्याला उघडे आहे. दारातून आत गेल्यावर आपल्या कष्टाची मजुरी शेवटच्या दिवसापर्यंत आणि त्यानंतर आपल्या माणसांपर्यंत पोचते की नाही, हे बघणे आपले काम आहे.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. विहारात दर रविवारी आपण जमतो. महिन्यातला एक रविवार कागद बघण्यासाठी ठेवू या. ज्याला जे कळते त्याने ते सांगावे. आम्ही येऊ, पेन आणि कोरे फॉर्म घेऊन. मामीचे नऊ महिने आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.

 जयभीम! नमो बुद्धाय!